होस्टाचं बारसं: नवी जात ओळखावी कशी, घ्यावी कशी

१९३६ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, ब्रिस्टल गावच्या एका नर्सरीत होस्टाच्या रोपांची रांग लावलेली होती. निळसर, रुंद, सुरकुतलेली पानं. सगळी रोपं एका छापाची. त्यातल्या एकाच रोपाच्या पानांना पिवळसर कडा होती. फ्रान्सिस विल्यम्स या उद्यानरचनाकार बाईंची नजर नेमकी त्यावर गेली आणि त्यांनी ते विकत घेतलं. आज होस्टाच्या सर्वांत परिचित जातींत गणल्या जाणाऱ्या 'फ्रान्सिस विल्यम्स'ची सुरुवात ही अशी.

तेव्हा मात्र त्याला हे नाव नव्हतं. पिवळ्या कडेचं, एवढीच त्याची ओळख. हातोहात त्याचे फुटवे इकडेतिकडे गेले, इंग्लंडात ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानापर्यंत पोहोचले, आणि तिथल्या जॉर्ज रॉबिन्सन यांनी त्याला ते पाठवणाऱ्या बाईंचंच नाव दिलं. अमेरिकन होस्टा सोसायटीच्या दप्तरी या नावाची रीतसर नोंद झाली ती १९८६ साली, म्हणजे रोप सापडल्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी. बाई तोवर हयात नव्हत्या. मधल्या काळात तेच किंवा डोळ्यांना वेगळं न वाटणारं रोप 'यलो एज', 'गोल्डन सर्कल्स' अशा नावांनीही फिरत होतं. एकाच रोपाचे दोन नावांनी दोनदा पैसे मोजलेले बागप्रेमी त्या काळात नक्कीच असणार.

'नवी, दुर्मीळ जात' म्हणून होस्टा घ्यायला निघालेल्याने ही हकिगत लक्षात ठेवलेली बरी. माणूस पान पाहून भुलतो, पण किंमत लावली जाते ती नावाची. ते नाव कुणी दिलं, कुठल्या रोपावरून दिलं आणि कुठे नोंदलं, ही चौकशी आधी करावी, रंगरूप नंतर.

ज्यांनी होस्टा पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जपान, कोरिया, चीन इथल्या डोंगरउतारांवर वाढणारी ही वनस्पती. जमिनीत गड्डा, वसंतात त्यातून टोकदार कोंब, मग पानांचा घोस, उन्हाळ्यात पांढऱ्या-जांभळट फुलांचे दांडे, आणि थंडीत वरचं सगळं नाहीसं. लावतात ती पानांसाठी. सावलीत चांगली येते म्हणून अमेरिकेत आणि युरोपात घराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, मोठ्या झाडाखाली ती हमखास दिसते. न्यू जर्सी किंवा टोरांटोकडे घर घेतलेल्या मराठी माणसाच्या अंगणातही आधीच्या मालकाने लावलेला एखादा होस्टा असण्याची शक्यता बरीच आहे.

खुद्द 'होस्टा' या नावालाही बराच काळ स्थैर्य नव्हतं. १८१२ साली लिओपोल्ड ट्रॅटिनिक यांनी ऑस्ट्रियाचे वनस्पतीतज्ज्ञ आणि सम्राटाचे वैद्य निकोलस होस्ट यांच्यावरून ते ठेवलं. पण होस्ट यांचं नाव आधीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेलं होतं, म्हणून १८१७ मध्ये कुर्ट स्प्रेंगेल यांनी जर्मन वनस्पतीतज्ज्ञ फुंक यांच्यावरून 'फुंकिया' हे नाव पुढे केलं. १९०५ च्या व्हिएन्ना परिषदेत पुन्हा 'होस्टा' कायम झालं. युरोपातल्या काही भाषांत बागवाले अजूनही फुंकियाच म्हणतात.

आता मुद्द्याचं. नवी जात येते दोन वाटांनी. एक, बियांतून. दोन जातींचा संकर करून किंवा मधमाशांवर भरवसा ठेवून बी धरायचं, शेकडो रोपं उगवायची, त्यातली बहुतेक फेकून द्यायची आणि एखाद-दुसरं राखायचं. इंग्लंडात एरिक स्मिथ यांनी १९६१ मध्ये 'टार्डिफ्लोरा' आणि सिबोल्डियाना 'एलेगन्स' यांचा संकर केला. एक उशिरा फुलणारी आणि लहान, दुसरी थोराड आणि निळी. त्यातून निघालेल्या सगळ्या कुटुंबाला दोन्ही नावांचे तुकडे जोडून 'टार्डियाना' म्हणू लागले, आणि त्यातल्याच 'हॅल्सियन'ला आजही निळ्या होस्टांत मानाचं स्थान आहे.

दुसरी वाट म्हणजे ब्रिस्टलच्या नर्सरीत दिसली ती. जुन्या जातीच्या गड्ड्यातून अचानक वेगळ्या पानाचा फुटवा निघतो. कोंबाच्या टोकाशी पेशींचे थर असतात. त्यातल्या एका थरात हरितद्रव्याशी संबंधित बदल झाला की त्या थरापासून बनणारा पानाचा भाग पिवळा किंवा पांढरा होतो. म्हणून कधी कडा रंगीत, कधी मधला पट्टा. आपल्याकडे 'मेरी पामर' ही बोगनवेल पुष्कळांनी पाहिली असेल, एकाच वेलीवर पांढरे आणि गुलाबी गुच्छ असलेली. तीही अशाच फुटव्यातून आली. अशा फुटव्याला बागायतीत 'स्पोर्ट' म्हणतात आणि होस्टाच्या बाजारातल्या नवलाईचा फार मोठा हिस्सा या स्पोर्टांचा आहे. टिश्यूकल्चरच्या प्रयोगशाळांत एका वेळी हजारो रोपं वाढतात, तिथे ते जास्तच सापडतात. 'हॅल्सियन'पासून असाच निघालेला 'जून', सोनेरी मध्य आणि निळसर हिरवी कडा असलेला, २००१ साली 'होस्टा ऑफ द इयर' ठरला.

यातून एक गोष्ट निघते आणि ती पैशांशी संबंधित आहे. नामांकित होस्टाच्या बियांतून तोच होस्टा येत नाही. रंगीत कडेच्या रोपाचं बी लावलं तर बहुधा साधी हिरवी, निळसर किंवा पिवळी रोपं उगवतात. नाव टिकतं ते गड्डा विभागून किंवा टिश्यूकल्चरने केलेल्या रोपांवरच. ऑनलाइन बाजारात गडद निळ्या, जांभळ्या, इंद्रधनुषी पानांचे फोटो लावून 'दुर्मीळ होस्टा बियाणं' विकलं जातं. ते बी होस्टाचं असलं तरी फोटोतलं नसणार. होस्टाचा निळा रंग म्हणजे पानावरचा मेणाचा पातळ थर. बोटाने चोळला तर निघतो आणि खाली हिरवं पान दिसतं. मोरपिशी निळा होस्टा अस्तित्वात नाही.

नाव ठेवायचे नियम मात्र पक्के आहेत. लागवडीखालच्या वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ पासून आहे, आणि प्रत्येक वनस्पतीगटासाठी नोंदणी करणारी एक अधिकृत संस्था ठरलेली असते. होस्टासाठी १९६८ साली स्थापन झालेली अमेरिकन होस्टा सोसायटी. बोगनवेलीसाठी हेच काम दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था करते. जातीचं नाव एकेरी अवतरणचिन्हात लिहायचं. १९५९ पासून नव्या जातीला लॅटिन नाव देता येत नाही. नाव ३० अक्षरांपेक्षा लांब नको, आधीच्या नावाशी गल्लत होईल असं नको, आणि 'सर्वांत उत्तम' छापाची बढाई नको. हयात व्यक्तीचं नाव द्यायचं तर तिची संमती घ्यावी. एकदा रूढ झालेलं नाव दुसऱ्या भाषेत भाषांतरित करायचं नाही. लिपी बदलली तरी चालते.

एवढ्या चौकटीतही लोकांनी काय काय केलंय! 'पॅट्रियट' ही जात १९९१ ची: हिरवा मध्य, पांढरी ठसठशीत कडा. पुढे तिच्यापासून नेमका उलटा स्पोर्ट निघाला, पांढरा मध्य आणि हिरवी कडा. त्याचं नाव ठेवलं 'लॉयलिस्ट'. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढले ते पॅट्रियट, राजाच्या बाजूने राहिले ते लॉयलिस्ट. पानाची उलथापालथ आणि इतिहासातला पक्ष, दोन्ही एका शब्दात बसले. होस्टाच्या यादीत याहून चपखल नाव क्वचितच मिळेल.

'एम्प्रेस वू' हे नाव वेगळ्या ढंगाचं. 'बिग जॉन' नावाच्या थोराड जातीच्या बियांतून इंडियाना राज्यातल्या ब्रायन आणि व्हर्जिनिया स्कॅग्स यांना हे रोप मिळालं आणि २००८ मध्ये त्याची नोंद झाली. पूर्ण वाढल्यावर उंची तीन-चार फूट, घेर पाच-सहा फूट, एकेक पान दीड फुटाचं. इतक्या अवाढव्य रोपाला चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राटपद भूषवलेल्या एकमेव स्त्रीचं, इ. स. ६९० ते ७०५ राज्य केलेल्या वू झेत्यानचं नाव दिलं गेलं. मग तिच्यापासून रंगीत कडेचा स्पोर्ट निघाला, तो झाला 'वू-ला-ला'. सम्राज्ञीची थोडी थट्टाच, पण त्या एका अक्षराने वंश कळतो.

वंश कळवणारी नावं ग्राहकाच्या फार उपयोगाची. 'ब्लू माउस इयर्स' ही उंदराच्या कानांसारख्या जाड, गोल, इवल्याशा पानांची जात २००८ ची 'होस्टा ऑफ द इयर'. तिच्यापासून निघालेल्या जातींत उंदीर येतोच: 'मायटी माउस', 'चर्च माउस'. 'ग्वाकामोली'पासून निघालेल्यांत स्वयंपाकघर: 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज', 'फ्राइड बनानाज'. 'लेकसाइड'ने सुरू होणारी नावं टेनेसीच्या मेरी चॅस्टेन यांच्या बागेतली. नावावरून मूळ जात समजली की रोप किती मोठं होणार, ऊन किती सोसणार, फुलाला वास असणार का, याचा बराचसा अंदाज विकत घेण्याआधीच बांधता येतो.

दुर्मीळपणाबद्दल थोडं कठोर बोलायला हवं. नवा होस्टा सुरुवातीला खरोखर दुर्मीळ असतो, कारण फुटवेच मोजके असतात. संघटनांच्या संमेलनांत अशा फुटव्यांचे लिलाव होतात आणि हौशी माणसं चढाओढीने बोली लावतात. पण जात गुणी असेल तर ती टिश्यूकल्चरला जाते आणि काही वर्षांत तेच रोप कोपऱ्यावरच्या दुकानात परवडणाऱ्या भावात येतं. नाहीच आलं, तर त्यामागे बहुधा कारण असतं: वाढ अतिशय मंद, किंवा पांढरा भाग इतका जास्त की रोप तग धरत नाही. संग्राहक नसलेल्याने थांबावं. यात हरवण्यासारखं काही नाही.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. १९९६ साली मिनेसोटा विद्यापीठात बेन लॉकहार्ट यांनी होस्टावरचा एक विषाणू ओळखला. त्याला 'होस्टा व्हायरस एक्स' म्हणतात. त्याच्या संसर्गाने पानावर शाई फुटल्यासारखे शिरांलगतचे डाग, ठिपके, चुरगळलेले खोलगट पट्टे दिसतात. आणि काही काळ ही लक्षणंच सौंदर्य समजली गेली. 'ब्रेकडान्स', 'लेपर्ड फ्रॉग', 'ल्युनसी' अशी आकर्षक नावं देऊन ठिपकेदार होस्टा नव्या जाती म्हणून विकले गेले. ते आजारी रोप होतं हे नंतर कळलं. तोपर्यंत रोग बागोबाग पोहोचला होता. 'सम अँड सब्स्टन्स', 'गोल्ड स्टँडर्ड' यांसारख्या लोकप्रिय जातींचीही रोगट रोपं मोठ्या प्रमाणावर विकली गेली.

म्हणून खरेदीच्या वेळी पान उजेडात धरून पाहावं. खरी रंगीत जात असेल तर हिरव्या-पिवळ्याची सीमा स्वच्छ असते, सगळ्या पानांवर साधारण सारखी असते आणि पान गुळगुळीत किंवा त्या जातीच्या स्वभावाप्रमाणे सुरकुतलेलं असतं. रंग शिरांच्या कडेने झिरपल्यासारखा वाटला, एका पानावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, डागाच्या जागी पान पातळ आणि दबलेलं लागलं, तर रोप खाली ठेवावं. लक्षणं दिसायला कधी काही वर्षंही लागतात, त्यामुळे नवं रोप वर्ष-दोन वर्षं जुन्यांपासून लांब कुंडीत ठेवण्यात शहाणपण आहे. विषाणू रसातून पसरतो. एका होस्टाला लावलेली कात्री दुसऱ्याला लावण्याआधी साबणाने घासून धुवावी किंवा ब्लीचच्या द्रावणात बुडवावी. उपाय नाही, रोगट रोप मुळांसकट काढून कचऱ्यात टाकायचं, खतात नाही. शंका असेल तर तपासणीच्या पट्ट्या मिळतात. पान चुरून त्या रसात पट्टी धरायची, काही मिनिटांत निकाल.

आणि आपल्याच बागेत वेगळं पान निघालं तर? घाई करू नये. एखादं पान वेगळं असणं म्हणजे जात नव्हे. त्या हंगामात फुटवा तसाच वाढू द्यावा, शेजारी खूणकाठी रोवावी. पुढच्या वसंतात त्याच डोळ्यातून पुन्हा तशीच पानं आली, तर कोंब वर येताना धारदार चाकूने त्याला मुळांसकट वेगळं करावं. मूळ गड्ड्यातच राहिला तर जोमदार हिरवे फुटवे त्याला दाबून टाकतात. मग तीन ते पाच वर्षं वाट पाहावी. रेघारेघांची पानं असलेले स्पोर्ट विशेष बेभरवशाचे. ते पुढे बहुधा रंगीत कडेवर किंवा एका रंगावर स्थिरावतात. संकर करणाऱ्यांना मात्र ते मादी म्हणून हवे असतात, कारण पानाच्या रंगाचा हा दोष आईकडून पुढे जातो.

फुटवे वाढवायचे असतील तर ओहायोतल्या हेन्री रॉस यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे. गड्डा न उपटता, कोंबाच्या बुडाशी चाकूचं पातं उभं घालून मुळांच्या दिशेने चीर द्यायची. जखमेभोवती नवे डोळे फुटतात. बाजारातून महाग आणलेल्या रोपावर पहिला प्रयोग करू नये, एवढंच.

स्पोर्ट स्थिर निघाला की नाव ठेवण्याआधी नोंदणीच्या यादीत त्याच मूळ जातीचे आधीचे स्पोर्ट पाहावेत. 'सम अँड सब्स्टन्स'ने आजवर इतके स्पोर्ट दिलेत की अकरावा माणूस बहुधा दहाव्याचंच रोप हातात धरून उभा असतो. खरोखर वेगळं असेल तर अर्ज भरायचा: मूळ जात, पूर्ण वाढलेल्या रोपाची उंची आणि घेर, पानाची लांबी-रुंदी, फुलाचा रंग, सोबत छायाचित्रं. कोवळ्या रोपाची मापं देऊ नयेत. होस्टाचं खरं रूप पाच-सहा वर्षांनी दिसतं. नोंदणी म्हणजे गुणवत्तेची पावती नाही आणि पेटंटही नाही. पेटंट वेगळं असतं. अमेरिकेत ते २० वर्षं चालतं आणि त्या काळात परवानगीशिवाय गड्डा विभागून नवी रोपं करणं नियमाबाहेर जातं, मग ती विकायला असोत की शेजारणीला द्यायला. लेबलावर हे लिहिलेलं असतं, वाचावं.

लागवडीत फार अवघड काही नाही. भुसभुशीत, शेणखत किंवा पानांचं कुजलेलं खत घातलेली, ओल धरणारी पण पाणी न साचवणारी माती. निळ्या जातींना सावली जास्त, नाहीतर ऐन उन्हाळ्यात मेण उतरून त्या हिरव्या होतात. पिवळ्यांना सकाळचं ऊन दिलं तर रंग खुलतो. पांढरा मध्य असलेल्यांना सकाळचं थोडं ऊन लागतंच, कारण त्यांच्याकडे हरितद्रव्य मुळात कमी. 'फ्रान्सिस विल्यम्स'च्या पिवळ्या कडा वसंतात करपतात, हा तिचा जुना दोष. रोग समजून घाबरू नये. गोगलगाई हा मुख्य शत्रू, आणि त्यांना पातळ पानं अधिक आवडतात. ज्या बागेत त्यांचा सुळसुळाट आहे तिथे जाड पानांच्याच जाती निवडाव्यात. रंगीत रोपात पूर्ण हिरवा फुटवा दिसला की लगेच बुडातून काढावा.

महाराष्ट्रातल्या वाचकाने मात्र मोह आवरलेला बरा. होस्टाला दरवर्षी कित्येक आठवडे पाच अंशांच्या आसपासची थंडी लागते. ती नाही मिळाली तर गड्डा दर वर्षी खंगत जातो. मुंबई-पुण्यात हे जमत नाही, महाबळेश्वरची थंडीही त्याला तोकडी पडते. हिमाचल, काश्मीरकडे बाग असेल तर गोष्ट वेगळी. उष्ण भागात प्रयोगच करायचा असेल तर चीनमधल्या प्लँटाजिनिया या सुगंधी, पांढऱ्या फुलांच्या जातीपासून सुरुवात करावी. होस्टांत तीच उष्णतेला त्यातल्या त्यात दाद देत नाही, आणि 'ग्वाकामोली', 'सो स्वीट' या वासाच्या जातींत तिचंच रक्त आहे.

घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी त्याच्या तोंडापासून दूर ठेवावी. जपानमध्ये काही होस्टांचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात, पण कुत्र्या-मांजरांना पानातली सॅपोनिन बाधतात, उलट्या-जुलाब होतात. आणि लेबल रोपाजवळ न खोचता त्याचा फोटो काढून, वहीत नाव, मूळ जात, विक्रेता आणि साल लिहून ठेवावं. थंडीत पानं गेली की खोचलेली लेबलंही पुष्कळदा मातीत जातात.